इन्कम टॅक्सची नोटीस कपाटात ठेवून दिली, तर पुढे काय होतं?

मराठवाड्यात इन्कम टॅक्स म्हटलं की लोकांना अजून ऑगस्ट २०२२ मधलं जालना आठवतं. वऱ्हाडाचे स्टिकर लावलेल्या गाड्यांतून अधिकारी उतरले, स्टील कारखानदारांच्या झडत्या झाल्या, नोटांच्या थप्प्यांचे फोटो गावोगावच्या मोबाइलवर फिरले. तेव्हापासून साध्या मास्तरला किंवा शेतकऱ्याला खात्याचा मेल आला तरी त्याच्या डोळ्यांसमोर धाडच उभी राहते. मग एक तर माणूस धावत कुणा 'ओळखीच्या' माणसाकडे जातो आणि तो मागेल तेवढे पैसे देतो, नाहीतर कागद कपाटात सातबाऱ्याच्या फाइलखाली सारून 'बघू नंतर' म्हणतो.

धाड वेगळी, नोटीस वेगळी. नोटीस म्हणजे खात्याने विचारलेला प्रश्न. त्याला उत्तर द्यायचं असतं, आणि ते वेळेत दिलं तर बरीच प्रकरणं पाचपन्नास कागदांवर मिटतात. नुकसान होतं ते गप्प बसणाऱ्याचं. तुम्ही गप्प बसलात तर खात्याने काय समजायचं आणि पुढे काय करायचं, हे कायद्यात आधीच लिहून ठेवलेलं आहे. पहिल्यांदाच नोटीस आलेल्यांसाठी हा लेख आहे. कोट्यवधींच्या उलाढालीवाल्यांचे सीए बसलेले असतात, त्यांनी हा वाचायची गरज नाही.

सुरुवातीलाच कायद्याबद्दल एक खुलासा. १ एप्रिल २०२६ पासून प्राप्तिकर कायदा २०२५ लागू झाला आणि कलमांचे आकडे बदलले. पण त्याआधीच्या वर्षांची प्रकरणं १९६१ च्या कायद्यानेच चालतात. लोकांच्या हातात आज ज्या नोटिसा आहेत त्या बहुतेक मागच्या वर्षांच्या आहेत, म्हणून खाली जुनीच कलमं दिली आहेत.

आधी बघा, नोटीस खरी आहे का

'तुमचा रिफंड मंजूर झाला, लिंक दाबा' किंवा 'कर भरला नाही तर आज अटक' असले मेसेज येतात ते चोरांचे. खातं व्हॉट्सअॅपवरून पैसे मागत नाही, ओटीपी विचारत नाही, आणि कर कुणाच्या खासगी यूपीआयवर भरायला सांगत नाही.

१ ऑक्टोबर २०१९ पासून खात्याच्या प्रत्येक पत्रावर दस्तऐवज ओळख क्रमांक असतो, त्याला 'डिन' म्हणतात. खात्याच्या ई-फायलिंग पोर्टलवर लॉगिन न करताही 'ऑथेंटिकेट नोटीस' नावाची सोय आहे. तिथे हा नंबर टाकला की पत्र खरं का खोटं ते कळतं. पोर्टलचा पत्ता स्वतः टाइप करा, मेसेजमधल्या लिंकवरून जाऊ नका.

नंबर जुळला, तर पुढचं वाचा. नाही जुळला, तर मेसेज पुसून टाका आणि कामाला लागा.

मेल आणि पासवर्ड कुणाकडे आहे?

माझ्या मते आपल्या भागातल्या अर्ध्या भानगडींचं मूळ इथे आहे. रिटर्न भरून दिलं नेट कॅफेवाल्याने किंवा शाळेत वर्षातून एकदा येणाऱ्या टॅक्सवाल्याने. त्याने घाईत स्वतःचाच मेल आणि मोबाइल टाकला. पुढची सगळी पत्रं त्याच्या इनबॉक्समध्ये पडत राहतात, त्याचं दुकान बंद होतं, आणि तुम्हाला कळतं तेव्हा बँकेने खातं गोठवलेलं असतं.

'मला नोटीस मिळालीच नाही' हे म्हणणं इथे फारसं टिकत नाही. आता छाननी बिनचेहऱ्याची आहे, म्हणजे अधिकाऱ्याला समोरासमोर न भेटता ऑनलाइन चालते. पत्र पोर्टलवर ठेवलं आणि नोंदवलेल्या मेलवर पाठवलं की बजावणी झाली असं धरून पुढची कारवाई सुरू होते. पोस्टमनची वाट बघत बसण्याचे दिवस गेले.

म्हणून नोटीस आलेली असो वा नसो, आजच पॅन टाकून लॉगिन करा. पासवर्ड माहीत नसेल तर आधारच्या ओटीपीने नवा करता येतो. प्रोफाइलमध्ये जाऊन मोबाइल आणि मेल स्वतःचा टाका. मग 'पेंडिंग अॅक्शन्स'खाली दोन ठिकाणं उघडून बघा: 'ई-प्रोसिडिंग्ज' आणि 'रिस्पॉन्स टू आउटस्टँडिंग डिमांड'. पहिल्यात प्रश्न असतात, दुसऱ्यात मागणी, म्हणजे भरायला सांगितलेली रक्कम. तुमच्याबद्दल खात्याकडे जे काही प्रलंबित आहे ते इथे दिसतं.

कलम, वर्ष आणि तारीख

नोटीस इंग्रजीत असते आणि लांबलचक असते. सगळी समजली नाही तरी चालेल, त्यातल्या तीन गोष्टींवर पेनाने गोल करा: कलम कोणतं, कर निर्धारण वर्ष कोणतं आणि उत्तराची शेवटची तारीख कोणती. वर्षाबाबत लोक हमखास फसतात. कर निर्धारण वर्ष २०२३-२४ लिहिलेलं असेल तर विषय २०२२-२३ च्या कमाईचा आहे. एक वर्ष मागे जायचं.

कलमांपैकी नेहमी भेटणारी ही:

१४३(१) ची सूचना. बंगळुरूच्या केंद्रातला संगणक रिटर्न तपासून पाठवतो. ही सगळ्यांनाच येते, घाबरू नका. फक्त शेवटी 'देय रक्कम' शून्य आहे का ते बघा. रिटर्नमध्ये काही बदल सुचवला असेल तर उत्तराला ३० दिवस असतात.

१३९(९), म्हणजे रिटर्न सदोष आहे. १५ दिवसांत दुरुस्त करून द्या. नाही दिलं तर रिटर्न भरलंच नाही असं धरू शकतात.

१४२(१) आणि १४३(२). पहिलं कागद किंवा रिटर्न मागतं, दुसरं छाननी सुरू झाल्याचं सांगतं. इथून पुढे गंमत संपली.

१४८-अ आणि १४८. जुन्या वर्षाचं उत्पन्न लपलं असा खात्याला संशय आहे. आधी १४८-अ खाली 'प्रकरण का उघडू नये' असं विचारतात, मग १४८. सप्टेंबर २०२४ पासूनच्या नियमाने कर निर्धारण वर्ष संपल्यावर सव्वातीन वर्षांपर्यंत हे करता येतं. लपलेलं उत्पन्न ५० लाख किंवा जास्त असेल तर सव्वापाच वर्षांपर्यंत. १४८-अ ला दिलेलं चांगलं उत्तर हे सगळ्यात स्वस्त उत्तर, कारण पटलं तर प्रकरण उघडतच नाही. आणि नेमकं याच टप्प्याला लोक झोपलेले असतात.

१५६, म्हणजे मागणीची नोटीस. आता प्रश्न संपले, रक्कम ठरली. भरायला साधारण ३० दिवस.

२४५, म्हणजे या वर्षीचा रिफंड जुन्या मागणीत वळता करायचा आहे, तुमचं काय म्हणणं? उत्तराला २१ दिवस. गप्प बसलात तर रिफंड गेला. चुकीच्या मागणीपोटी रिफंड गेला तरी आधी ती मागणी खोडून काढल्याशिवाय तो परत येत नाही.

गप्प बसलात तर, टप्प्याटप्प्याने

सुरुवात दंडाने होते. १४२(१) किंवा १४३(२) च्या नोटिशीला दाद दिली नाही, तर कलम २७२-अ खाली प्रत्येक चुकीला १०,००० रुपये. दोन नोटिसा चुकवल्या तर वीस हजार. मूळ कर शून्य निघाला तरी हा दंड डोक्यावर बसू शकतो.

पण खरा फटका कलम १४४ चा. तुम्ही बोलला नाहीत म्हणून अधिकारी हाताशी असलेल्या माहितीवरून स्वतःच्या समजुतीने उत्पन्न ठरवतो. त्याच्याकडे असते ती बँकेने कळवलेली एका बाजूची माहिती: खात्यात किती जमा झालं. कुठून आलं आणि किती खर्च झाला, हे सांगणारा तुम्हीच असता.

समजा, परळीकडच्या एका शेतकऱ्याने २०२२-२३ मध्ये बचत खात्यात १४ लाख रोख भरले. दोन हंगामांचं सोयाबीन, थोडा कापूस, भावाचा वाटा, असं मिळून. बचत खात्यात वर्षभरात १० लाख किंवा जास्त रोख भरली की बँक ते खात्याला कळवते. शेतीचं उत्पन्न करमुक्त म्हणून याने रिटर्न कधी भरलेलं नाही. नोटीस आली, उत्तर नाही. अधिकाऱ्याने १४ लाख 'स्रोत न समजलेली रक्कम' म्हणून धरले, तर १९६१ च्या कायद्याखालच्या त्या वर्षाला कलम ११५-बीबीई लागतं: ६० टक्के कर, त्यावर २५ टक्के अधिभार, वर ४ टक्के उपकर. एकूण ७८ टक्के. म्हणजे १०,९२,००० रुपये. उशिराचं व्याज वेगळं, या कराच्या १० टक्के दंड वेगळा. बाजार समितीच्या पट्ट्या दाखवल्या असत्या तर जिथे एक रुपयाही लागला नसता, तिथे ही मागणी उभी राहते. ही रक्कम दरांवरून मीच काढली आहे, पण अशा धर्तीचे आदेश निघतात.

आदेश निघाल्यावर १५६ ची मागणी येते आणि घड्याळ सुरू होतं. ३० दिवस उलटले की कलम २२० खाली दरमहा १ टक्का व्याज, महिन्यातला एक दिवस उलटला तरी पूर्ण महिना धरून. १,८४,००० ची मागणी मुदतीनंतर दोन वर्षं तशीच ठेवली तर नुसतं व्याज ४४,१६० होतं. शिवाय तुम्ही 'कसूरदार' ठरता आणि कलम २२१ खाली थकीत कराइतका दंड लागू शकतो. अधिकारी तो नेहमी पूर्ण लावतोच असं नाही, पण हात बांधलेले नाहीत.

मग वसुली. कलम २२६ खाली अधिकारी थेट बँकेला पत्र देतो आणि बँकेला ते पाळावं लागतं. ज्या खात्यात दुधाचं बिल येतं, पीकविम्याचे पैसे येतात, तेच खातं असेल तर घरखर्चच अडतो. नोकरदाराच्या पगारातून कापून द्यायला मालकाला सांगता येतं. तुमचं देणं लागणाऱ्या कुणालाही पत्र जाऊ शकतं: अडत्याला, उसाचं बिल देणाऱ्या कारखान्याला, दुकानाच्या भाडेकरूला. गावात बातमी फुटते ती इथे.

एवढ्यानेही वसूल झालं नाही तर प्रकरण कर वसुली अधिकाऱ्याकडे जातं. त्याला जंगम आणि स्थावर मालमत्ता जप्त करून लिलाव करण्याचा अधिकार आहे. जमिनीवर जप्तीचा बोजा चढला की सातबाऱ्याच्या इतर हक्कांत तो दिसतो आणि विकायला, गहाण ठेवायला, पीककर्जाला अडचण येते. दिवाणी कैदेची तरतूदही कायद्यात आहे. ती क्वचित वापरतात, म्हणून तिची भीती घालून पैसे उकळणाऱ्यांपासून सावध राहा.

यावर चावडीवरचा सल्ला ठरलेला: 'सातबारा पोराच्या नावावर करून टाक.' अजिबात करू नका. कार्यवाही चालू असताना खात्याच्या परवानगीशिवाय केलेला असा व्यवहार कलम २८१ खाली खात्यापुरता रद्द धरला जातो. मुद्रांक शुल्क जातं, जमीन सुटत नाही आणि वर हेतूवर संशय येतो.

मुद्दाम रिटर्न न भरणं, मुद्दाम कर चुकवणं याला फौजदारी खटलाही आहे. पण साध्या विसराळूपणाला आणि मुद्दाम केलेल्या चोरीला कायदा एकाच मापाने मोजत नाही. दोन्हींतला फरक दाखवणारा पुरावा म्हणजे तुमचं वेळेत दिलेलं उत्तर.

आपल्याकडे नेहमी येणाऱ्या नोटिसा आणि त्यांचे कागद

शेतमालाची रोकड. वर सांगितलंच. लागतात ते कागद: अडत्याची हिशोबपट्टी, काटापावती, सातबारा, पीकपेरा, आठ-अ. जिनिंगला थेट कापूस दिला असेल तर तिथली पावती. भावांचं एकत्र खातं असेल तर कुणाचा वाटा किती हे लिहून सगळ्यांच्या सह्या. लातूरच्या आडतीवर जुन्या पट्टीची नक्कल मागितली तर बऱ्याचदा मिळते, पण पाच वर्षांनी मागायला गेलात तर नशीब. आणि दूध, शेळ्या, कुक्कुटपालन यांचं उत्पन्न कायद्याच्या भाषेत शेतीचं नाही, ते शेतीत घुसडू नका.

ऊसतोड मुकादम. बीड जिल्ह्यातल्या मुकादमांची, म्हणजे कारखान्याला तोडणी मजुरांची टोळी पुरवणाऱ्यांची, ही खास अडचण. कारखान्याकडून उचल (आगाऊ रक्कम) आणि तोडणी-वाहतुकीची बिलं मुकादमाच्या नावावर येतात, त्यावर टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कर, कापला जातो, आणि ती रक्कम रोख काढून टोळीला वाटली जाते. खात्याच्या संगणकाला दिसतं काय? या पॅनवर ६० लाख आले आणि रिटर्न नाही. वर, १९६१ च्या कायद्याखालच्या वर्षांत तीन वर्षं रिटर्न न भरणाऱ्याने वर्षात २० लाखांवर रोकड काढली असेल तर त्यावरही बँकेने टीडीएस कापलेला असतो, म्हणजे आणखी एक नोंद. मुकादमाच्या पदरात पडतं ते फक्त कमिशन, पण ते सिद्ध करायला कारखान्याशी झालेला करार, कारखान्याच्या खातेवहीचा उतारा, कोयत्यांची (तोडणी मजुरांच्या जोड्यांची) यादी आणि उचल घेतल्याच्या अंगठ्या-सह्यांची वही लागते. हंगाम संपला की ती वही रद्दीत जाते. ठेवा. सहा-सात वर्षं ठेवा. आणि दरवर्षी रिटर्न भरा, कापलेला टीडीएस तरी परत मिळेल.

जमीनविक्री. ३० लाख किंवा त्यावरचा व्यवहार दुय्यम निबंधकाकडून खात्याला जातो. ग्रामीण शेतजमीन ही कायद्याने भांडवली मालमत्ता नाही, तिच्या विक्रीवर भांडवली नफ्याचा कर नाही. पण ग्रामीण कोणती? शहराच्या हद्दीपासून सरळ रेषेत अंतर मोजतात. १० हजार ते १ लाख लोकसंख्येच्या गावापासून २ किलोमीटरच्या पुढे, १ ते १० लाखांच्या शहरापासून ६ च्या पुढे, त्याहून मोठ्यापासून ८ च्या पुढे. २०११ च्या जनगणनेत छत्रपती संभाजीनगर १० लाखांच्या वर होतं, म्हणून तिथे ८. नांदेड, लातूर, जालना इथे ६. रस्त्याने ९ किलोमीटर असलेली जमीन सरळ रेषेत ५ भरू शकते, तेव्हा अंतराचा दाखला घेतल्याशिवाय 'करमुक्त' लिहून टाकू नका. २०१३ च्या भूसंपादन कायद्याखालच्या निवाड्याचा मोबदला त्या कायद्याच्या कलम ९६ ने करमुक्त आहे. समृद्धी महामार्गासाठी बऱ्याच जमिनी थेट खरेदीने घेतल्या गेल्या, त्या प्रकारात उत्तर जाणकाराकडून लिहून घ्या.

मास्तरांचा रिफंड. 'सर, पंचवीस हजार परत आणून देतो, त्यातले वीस टक्के माझे' असं म्हणणारा भेटलाच असेल. तो राजकीय पक्षाची देणगी, न भरलेलं घरभाडं, नसलेलं कर्ज असं काहीबाही दाखवतो. जुलै २०२५ मध्ये खात्याने अशा खोट्या वजावटी करणाऱ्यांवर देशभर दीडशे ठिकाणी कारवाई केली. नोटीस त्याला येत नाही, तुम्हाला येते. चुकीची माहिती देऊन उत्पन्न कमी दाखवलं तर वाचवलेल्या कराच्या २०० टक्के दंड बसू शकतो. नोटीस यायच्या आत चूक लक्षात आली तर अद्ययावत रिटर्न भरून जादा करासह सुटता येतं. त्याला आता संबंधित कर निर्धारण वर्ष संपल्यापासून चार वर्षांची मुदत आहे, आणि जादा कर उशिरानुसार २५ टक्क्यांपासून ७० टक्क्यांपर्यंत चढत जातो.

नोकरदारांचा आणखी एक प्रकार. संस्थेने पगारातून टीडीएस कापला, पण सरकारजमा केला नाही. तुमच्या फॉर्म २६-एएस मध्ये, म्हणजे पॅनवर जमा झालेल्या कराच्या उताऱ्यात, तो दिसत नाही आणि मागणी तुमच्यावर येते. घाबरून परत भरू नका. कापलेला कर पुन्हा कर्मचाऱ्याकडून वसूल करायला कलम २०५ ची मनाई आहे. पगारपत्रकं आणि बँकेचा उतारा जोडून तसं उत्तर द्या.

उत्तर कसं द्यायचं

'ई-प्रोसिडिंग्ज'मध्ये नोटीस उघडा. कागद गोळा व्हायला वेळ लागणार असेल तर मुदत संपायच्या आत तिथेच मुदतवाढ मागा, कारणासह. मुदतवाढीचा अर्जही उत्तरच असतं, निदान तुम्ही जागे आहात हे नोंदलं जातं.

उत्तर मुद्द्याला मुद्दा असं लिहा. नोटिशीत सात प्रश्न असतील तर सात परिच्छेद. ज्याचं उत्तर नाही तिथे 'हा कागद माझ्याकडे नाही, कारण अमुक' असं लिहा. मोकळं सोडू नका. आपल्या गरिबीचं, दुष्काळाचं वर्णन दोन पानं लिहिणारे असतात. दुष्काळ खरा आहे, पण अधिकाऱ्याला जमा रकमेसमोर पावती हवी असते. तारीखवार तक्ता करा: या तारखेला इतके जमा, या पट्टीतून. कागदांना क्रमांक द्या, स्कॅन स्वच्छ करा. मोबाइलवर तिरका काढलेला फोटो दूर कुठेतरी बसलेला अधिकारी वाचू शकत नाही. पाठवल्यावर पोचपावती उतरवून ठेवा.

सीए किंवा कर सल्लागार घ्यायचा का? १४३(१) आणि २४५ ला बहुधा लागत नाही. १४८, १४३(२) आणि अपील यांना घ्याच. फी आधी ठरवा, आणि दाखल केलेल्या प्रत्येक उत्तराची प्रत मागा. 'साहेबांना भेटून मिटवतो' म्हणणाऱ्याला एक प्रश्न विचारा: बिनचेहऱ्याच्या छाननीत अधिकारी कोणत्या शहरात बसला आहे हेच कळत नाही, मग भेटतोस कुणाला?

पोर्टल अडलं तर १८०० १०३ ००२५ हा मोफत मदत क्रमांक आहे.

मागणी आलीच असेल तर

आधी ठरवा, मान्य आहे का. मान्य असेल तर 'ई-पे टॅक्स'मधून भरा. मागणी भरताना प्रकार 'रेग्युलर असेसमेंट', म्हणजे ४०० निवडा आणि वर्ष नीट टाका. चुकीच्या वर्षात भरलेले पैसे मागणीसमोर दिसत नाहीत आणि व्याज चालूच राहतं.

मान्य आहे पण एकदम जमत नाही, तर हप्ते मागता येतात. कलम २२०(३) चा हा अर्ज ३० दिवस संपायच्या आत करायचा असतो. बँकेला जप्तीचं पत्र गेल्यावर हप्ते मागणारा आणि आधी मागणारा, दोघांकडे बघण्याची नजर वेगळी असते.

संगणकाची उघड चूक असेल, म्हणजे भरलेला कर दिसत नाही, टीडीएस धरला नाही, बेरीज चुकली, तर कलम १५४ खाली दुरुस्तीचा अर्ज ऑनलाइन करा. त्याला आदेशाचं आर्थिक वर्ष संपल्यापासून चार वर्षं आहेत. पण अर्ज केला म्हणून मागणी थांबत नाही, 'आउटस्टँडिंग डिमांड'मध्ये 'असहमत' हे वेगळं नोंदवा.

मुळातच पटत नसेल तर आयुक्त (अपील) यांच्याकडे फॉर्म ३५. मुदत ३० दिवस, शुल्क २५० ते १,००० रुपये. अपील केलं तरी वसुली आपोआप थांबत नाही. स्थगितीचा अर्ज अधिकाऱ्याकडे स्वतंत्र द्यावा लागतो आणि वादातल्या रकमेचा काही भाग भरावा लागतो. जुलै २०१७ च्या परिपत्रकात हा भाग २० टक्के होता. अर्ज करताना चालू टक्का विचारून घ्या.

मुदत टळून गेली आहे

तरीही दार पूर्ण बंद नसतं. उशिराचं अपील योग्य कारण दिल्यास दाखल होऊ शकतं. मेल दुसऱ्याचा होता, आजारपण होतं, तर त्याचे पुरावे जोडा. १४४ खाली एकतर्फी आदेश झाला असेल तर १ ऑक्टोबर २०२४ पासून आयुक्त (अपील) तो रद्द करून प्रकरण पुन्हा मूळ अधिकाऱ्याकडे पाठवू शकतात. म्हणजे न दिलेलं उत्तर द्यायची दुसरी संधी मिळू शकते. ती मात्र मागावी लागते.

फार जुनी, किरकोळ मागणी दिसत असेल तर आधी खात्री करा. २०२४ च्या अंतरिम अर्थसंकल्पात २००९-१० पर्यंतच्या २५,००० पर्यंतच्या आणि २०१०-११ ते २०१४-१५ मधल्या १०,००० पर्यंतच्या मागण्या, माणशी एक लाखाच्या मर्यादेत, मागे घ्यायचं जाहीर झालं होतं.

नोटीस वारलेल्या वडिलांच्या नावची असेल तर 'ते आता नाहीत' म्हणून फाडू नका. पोर्टलवर वारस म्हणून नोंदणी करा, मृत्यूचा दाखला आणि वारस प्रमाणपत्र जोडा, आणि उत्तर द्या. वारसाची जबाबदारी वडिलांकडून मिळालेल्या मालमत्तेपुरतीच असते. तुमच्या पगारातून त्यांचा कर जात नाही.

पैसे भरले, आता?

आठ-दहा दिवसांनी लॉगिन करून मागणीसमोर शून्य दिसतं का बघा. नसेल तर चलन जोडून कळवा. खातं गोठवलं असेल तर बँक आपण होऊन सोडत नाही. अधिकाऱ्याचं मुक्ततेचं पत्र शाखेत पोचलं का, याचा पाठपुरावा तुम्हालाच करावा लागतो. सातबाऱ्यावर बोजा चढला असेल तर तेच पत्र घेऊन तलाठ्याकडे बोजा कमी करण्याचा अर्ज द्या, फेरफार मंजूर झाल्यावर नवा उतारा काढा आणि तो नोटिशीच्या फाइलमध्येच लावा.